कॉफी सहा वेळा ओतली, त्याचे पैसे कोणी द्यायचे?

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात गावाच्या वेशीवर हिरवी पाटी असते. तिच्यावर गावाचं नाव, लोकसंख्या आणि समुद्रसपाटीपासूनची उंची. २०२५ च्या जुलैत आम्ही यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या वाटेवर ज्या गावात रात्री थांबलो, तिथे उंचीचा आकडा लोकसंख्येच्या कितीतरी पट मोठा होता. बाबांनी पाटी वाचली आणि म्हणाले, "एवढी माणसं यात्रेच्या दिवशी आमच्या पाच गाड्यांत बसायची." बाबा एसटीत कंडक्टर होते, एकतीस वर्षं. आईने मिरजेत बारा-पंधरा पोरांची खानावळ चालवली, तीही जवळजवळ तितकीच वर्षं. दोघं पहिल्यांदाच अमेरिकेत आली होती. मी, माझा नवरा, आमची चौदा वर्षांची मुलगी आणि हे दोघं असे पाच जण सकाळी साडेसहाला मोटेलमधून बाहेर पडलो, तेव्हा अख्ख्या रस्त्यावर एकच दार उघडं होतं.

ते डायनर होतं. एक लांब कठडा, त्याच्यापुढे गोल फिरणारी स्टुलं, खिडकीला लागून समोरासमोर बाकं, आणि कठड्यामागे तापलेला लांबरुंद तवा. तव्यापाशी एक आचारी आणि बाहेर सगळी टेबलं सांभाळायला एकच बाई. साठीची असेल. आम्ही बसेपर्यंत तिने पालथे ठेवलेले कप सुलटे केले आणि कॉफी ओतली. न विचारता.

अडचण आईची होती. ती शाकाहारी, अंडंही खात नाही. किसलेल्या बटाट्याचे तव्यावर परतलेले हॅश ब्राउन तिला चालण्यासारखे, पण त्याच तव्यावर बेकन, म्हणजे डुकराच्या मांसाचे काप, चरचरत होतं. मी सांगून पाहिलं, म्हटलं टोस्ट आणि फळं द्या, चालेल. बाई म्हणाली, थांब. आत गेली, आचाऱ्याशी काहीतरी बोलली, आणि थोड्या वेळाने एका वेगळ्या छोट्या कढईत, लोण्यावर परतलेला बटाटा घेऊन आली. वर म्हणाली, "यांना सांग, चमचासुद्धा वेगळा वापरलाय." मी आईला मराठीत सांगितलं. आईने त्या बाईकडे असं पाहिलं, जसं ती मिरजेत एखाद्या उपाशी राहिलेल्या पोराकडे बघायची. तिला इंग्रजी येत नाही. तिने स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला, बाईच्या पायांकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. बाईला कळलं. तिनेही आपला गुडघा चोळून दाखवला. दोघी हसल्या.

आम्ही सव्वा तास बसलो. तेवढ्या वेळात बाबांच्या कपात सहा वेळा कॉफी पडली. हे मी मोजलं नाही, आईने मोजलं. वाढणाऱ्या माणसाच्या खेपा मोजायची तिला सवय आहे.

बिल आलं ७१ डॉलर. नवऱ्याने खाली १५ डॉलर टिप लिहिली. बाबांनी मनात शहाऐंशीने गुणलं.

"तेराशे रुपये? खाण्याचे पैसे दिले ना? मग हे वरचे कशाचे, पोस्त?"

"बाबा, इथे द्यावेच लागतात. तिचा पगार त्यातूनच होतो."

"म्हणजे? मालक पगार देत नाही?"

"देतो. तासाला दोन डॉलर तेरा सेंट."

बाबा गप्प झाले. मग म्हणाले, "मला महामंडळाने असं सांगितलं असतं की तुमचा पगार प्रवासी खूश झाले तर त्यांच्याकडून घ्या, तर? आम्ही तिकिटं फाडली असती का लोकांच्या पाया पडलो असतो?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लिहिते आहे. अमेरिकेत मी पंधरा वर्षं राहते आणि तेवढी वर्षं टिप देते. पण टिप नेमकी कोणाच्या खिशात जाते, याचा हिशोब मी त्या दिवसापर्यंत मांडला नव्हता. आपल्यापैकी बहुतेकांनी मांडलेला नसतो. आपण इथे येतो, पहिल्या महिन्यात कोणीतरी सांगतं की पंधरा-वीस टक्के द्यायचे, आणि आपण ते हवामानासारखं स्वीकारतो. घरचं कोणी आलं की त्यांना "इथली पद्धत आहे" एवढं सांगून मोकळे होतो. माझं म्हणणं असं आहे की ही पद्धत नाही. हा कायदा आहे, त्याला तारखा आहेत, आणि तो बदलायला हवा.

आधी हिशोब. अमेरिकेच्या संघराज्याचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून तेवढंच. पण ज्याला नेहमी टिप मिळते अशा कामगाराला मालकाने रोख २.१३ डॉलर दिले तरी चालतात, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. उरलेले ५.१२ डॉलर टिपमधून आले असं कायदा धरून चालतो. याला म्हणतात टिप क्रेडिट. क्रेडिट कोणाच्या नावावर, तर मालकाच्या. वायोमिंगचा स्वतःचा किमान दर ५.१५ डॉलर आहे, म्हणजे संघराज्याहूनही कमी, त्यामुळे तिथे बहुतेकांना संघराज्याचाच दर लागतो, आणि टिपवाल्यांना २.१३.

याचा अर्थ नीट पाहा. त्या बाईच्या एका तासात जी काही टिप गोळा होते, तिच्यातले पहिले ५.१२ डॉलर तिच्या हातात पडतात हे खरं, पण ते पडले नसते तर मालकाला द्यावे लागले असते. म्हणजे वाचले मालकाचे. आम्ही समजत होतो की आपण तिच्या हसऱ्या चेहऱ्याचं, वेगळ्या कढईचं, सहा खेपांचं कौतुक करतो आहोत. त्यातला एक भाग आम्ही मालकाच्या पगारपत्रकात भरत होतो. तो आनंदाने भरायला माझी हरकत नाही. पण मग तो बिलात लिहा. ऑम्लेटच्या किमतीत धरा. गिऱ्हाइकाच्या चांगुलपणाचं नाव त्याला देऊ नका.

आणि सकाळच्या न्याहारीला हा हिशोब सगळ्यात वाईट बसतो, हे मला त्या टेबलावरच लक्षात आलं.

टिप बिलाच्या टक्क्यांत असते. बिल मोठं तर टिप मोठी. त्याच प्रवासात दोन दिवस आधी एका पर्यटकी गावात आम्ही रात्री जेवलो होतो, पाच जणांचं बिल २९० डॉलर झालं आणि वीस टक्क्यांनी ५८ डॉलर टिप गेली. तिथल्या मुलाने चार वेळा टेबलाशी येऊन चौकशी केली, ताटं आणली, ताटं नेली. डायनरमधल्या बाईने त्याच्या दुप्पट फेऱ्या मारल्या आणि तिच्या वाट्याला चौथाई रक्कम आली. कॉफीचे पैसे एकदाच लागतात, पुढच्या ओतण्या फुकट. गिऱ्हाइकाला ही चैन वाटते. बिलाचा आकडा त्याने एका सेंटनेही वाढत नाही, म्हणून टक्क्यात त्या पाच खेपांची किंमत शून्य.

यात डायनरचा दोष नाही, उलट स्वस्त असणं हाच त्याचा धर्म आहे. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात १८७२ साली वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने घोडागाडीतून रात्रपाळीच्या लोकांना खाणं विकायला सुरुवात केली. वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रभर काम करणाऱ्यांना त्या वेळी दुसरं काही उघडं मिळायचं नाही. पुढे गाड्यांचे डबे झाले, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला तसे डबे बांधण्याचा कारखाना निघाला, आणि चाकं गेली तरी लांबट डब्याची घडण राहिली. कष्टकऱ्यांनी कष्टकऱ्यांना स्वस्तात खाऊ घालावं यासाठी जन्मलेली ही जागा. म्हणून तिथलं बिल लहान. आणि म्हणूनच टक्क्यांवर जगणाऱ्या बाईसाठी ती जागा सगळ्यात महागात पडणारी.

दुसरी गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. गर्दी ओसरली तशी ती कठड्याच्या टोकाशी बसली आणि कागदी रुमालात काटा-सुरी गुंडाळायला लागली. एक रुमाल, त्यावर काटा, त्यावर सुरी, एक दुमड, दोन वळसे, कागदी पट्टी. एका गुंडाळीला चार-पाच सेकंद. शेजारच्या टोपलीत बघता बघता ढीग झाला. मग केचपच्या बाटल्या भरल्या, साखरेच्या पुड्या लावल्या, खिडकीच्या काचा पुसल्या. या सगळ्याला हॉटेलवाले साइड वर्क म्हणतात. आईच्या भाषेत निवडणं-टिपणं, म्हणजे जे केल्याशिवाय पंगत बसत नाही आणि जे पंगतीला दिसत नाही. त्या वेळात कोणी टिप देत नाही, पण दर तोच, २.१३. असल्या बिनटिपच्या कामाला मर्यादा असावी, ती ओलांडली तर पूर्ण वेतन द्यावं, असा नियम अमेरिकेच्या कामगार खात्याने २०२१ मध्ये पक्का केला होता. मालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला.

हे आलं कुठून? टिपची चाल युरोपातून आली असं सांगतात, आणि सुरुवातीला अमेरिकी माणसाला ती लाचारीची वाटायची. विसाव्या शतकाच्या आरंभी काही राज्यांनी टिपवर बंदी घालणारे कायदेही केले. वॉशिंग्टन राज्याचा १९०९ चा. ते टिकले नाहीत. टिकला तो रेल्वेचा नमुना. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने झोपण्याच्या डब्यांत पोर्टर म्हणून गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांना घेतलं. पगार जाणूनबुजून तुटपुंजा, बाकीचं प्रवाशांच्या मर्जीवर. बूट पुसा, अंथरूण घाला, हसत राहा, मग मिळेल. कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या पोर्टरांनी १९२५ मध्ये संघटना बांधली आणि कंपनीशी करार व्हायला १९३७ साल उजाडलं. त्यांच्या मागण्यांत एक मोठी मागणी अशी होती की आम्हाला जगण्यापुरता नक्की पगार द्या, म्हणजे टिपसाठी हात पसरावा लागणार नाही.

१९३८ मध्ये किमान वेतनाचा कायदा झाला तेव्हा हॉटेल-कामगार त्याच्या बाहेरच राहिले. १९६६ मध्ये त्यांना आत घेतलं, पण दार अर्धंच उघडलं. निम्मं वेतन मालकाने द्यावं, निम्मं टिपमधून धरावं. २.१३ हा विचित्र आकडा तिथूनच येतो. १९९१ मध्ये किमान वेतन ४.२५ होतं, त्याचं निम्मं २.१३. मग १९९६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, किमान वेतन वाढवलं आणि टिपवाल्यांचा दर मात्र त्याच्यापासून तोडून तिथेच गोठवला. किमान वेतन तेव्हापासून ७.२५ पर्यंत आलं. २.१३ तिथेच आहे. १९९१ मध्ये जन्मलेलं मूल २०२५ मध्ये चौतिशीचं झालं.

आपल्याला, मराठी माणसांना, ही रचना परकी वाटायला नको. गावगाड्यात बलुतेदाराला मजुरी नव्हती, बलुतं होतं. सुगीला शेतकऱ्याच्या खळ्यावर जायचं आणि तो घालील ते घ्यायचं. कामाचा मोबदला देणाऱ्याच्या हातून उपकारासारखा पडायचा. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं, त्याच्या मुळाशी हाच मुद्दा होता. महार काम करतो सरकारचं, पण त्याचा मोबदला रयतेच्या मर्जीवर. रयत रुसली की बलुतं बंद. म्हणून तो मोबदला नगद आणि निश्चित व्हावा आणि वसूल सरकारने करावा. कनिष्ठ गावकी वतनं रद्द करणारा कायदा व्हायला त्यानंतर तीस वर्षं लागली, १९५८ साल.

मी दोन्ही गोष्टी एका तराजूत घालत नाही. त्या बाईवर जातीची सक्ती नाही, ती उद्या काम सोडू शकते, तिला कोणी वेशीबाहेर ठेवत नाही. बलुत्याच्या मागे जो अपमान होता त्याच्या जवळपासही हे जात नाही. पण मोबदल्याची घडण बघा. काम एकाचं, पगार तिसऱ्याच्या लहरीवर. तिसऱ्याला ती नकोशी वाटली, तिचा रंग, तिचं वय, तिचे उच्चार, तर पगार कमी. त्याने पाठीवर हात ठेवला तर तिने तो झटकायचा की बिलाची वाट बघायची? टिपवर काम करणाऱ्यांत जवळपास दोन तृतीयांश बायका आहेत. आणि वायोमिंगने बायकांना मतदानाचा हक्क दिला १८६९ मध्ये, ते राज्य होण्याच्याही आधी, अमेरिकेतल्या इतर कुठल्याही प्रदेशाच्या आधी. त्याचं अधिकृत बिरुद समतेचं राज्य असं आहे. त्याच राज्यात ती बाई २.१३ वर उभी आहे. मला हे सहन होत नाही.

आता दुसऱ्या बाजूचं बोलणं, कारण ते पोकळ नाही.

कायदा सांगतो की टिप धरूनही ७.२५ भरले नाहीत तर उरलेलं मालकाने द्यायचं. कागदावर बरोबर. पण हा हिशोब आठवड्याचा होतो, तासाचा नाही. शनिवारची गर्दी मंगळवारच्या शुकशुकाटावर पांघरूण घालते. आणि रक्कम कमी पडली अशी तक्रार कोणी करायची? तिनेच, तिच्या वहीवरून, त्या मालकाकडे, ज्याच्याशिवाय गावात दुसरी नोकरी नाही आणि जो बहुधा तिचा शेजारी आहे. आम्ही जुलैत गेलो होतो, तेव्हा टेबलं भरलेली होती. ती म्हणाली, या दिवसांत माझं चांगलं चालतं. नोव्हेंबरात यलोस्टोनचे बहुतेक रस्ते बर्फामुळे गाड्यांना बंद होतात ते थेट एप्रिलपर्यंत. "जानेवारीत कधीकधी सकाळपासून दोन टेबलं होतात," ती म्हणाली. त्या दोन टेबलांवर शेजारपाजारचेच लोक, कॉफी आणि टोस्ट घेणारे.

मी तिला सरळ विचारलं, टिप बंद करून पक्का पगार दिला तर? तिने मान हलवली. नको. ती म्हणाली, उन्हाळ्यातले हातचे पैसे जातील. हे उत्तर मला गैरसोयीचं होतं, पण ते तिचं आहे. आणि ती एकटी नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये टिपवाल्यांना पूर्ण किमान वेतन देण्याचा प्रस्ताव मतदानाला आला, तो मोठ्या फरकाने पडला, आणि विरोधात खुद्द अनेक वाढपी आणि बारटेंडर उभे होते. राजधानी वॉशिंग्टनमध्ये मतदारांनी असाच प्रस्ताव २०१८ आणि २०२२ असा दोनदा मंजूर केला, पहिल्या वेळी नगर परिषदेने तो रद्द केला आणि दुसऱ्या वेळी २०२५ मध्ये छाटला. महागड्या बारमध्ये रात्री तीन-चारशे डॉलर टिप कमावणारा माणूस आहे त्यात सुखी आहे, आणि तो बदलाला घाबरतो. त्याची भीती खोटी नाही. पण या वादात आवाज त्याचा पोहोचतो. सकाळी पाचला उठून तवा तापायच्या आत खुर्च्या मांडणारीचा पोहोचत नाही.

आणि मुख्य म्हणजे, टिप आणि पगार यांतलं एकच निवडा असं कोणी म्हटलंय? अमेरिकेतल्या सात राज्यांत टिप क्रेडिट नाहीच. अलास्का, कॅलिफोर्निया, मिनेसोटा, मोंटाना, नेवाडा, ओरेगन, वॉशिंग्टन. तिथे मालकाला राज्याचं पूर्ण किमान वेतन आधी द्यावं लागतं, टिप त्याच्या वर. तिथे लोक टिप द्यायचे थांबलेले नाहीत.

टिपवरचा कर माफ करणं हे मला उत्तर वाटत नाही. आम्ही प्रवासाला निघालो त्याच महिन्यात, ४ जुलैला, तसा कायदा झाला. २०२५ ते २०२८ या वर्षांत २५ हजार डॉलरपर्यंतची टिप संघराज्याच्या आयकरातून वजा करता येते. ऐकायला गोड आहे. पण जिची कमाईच एवढी कमी की आयकर लागत नाही, तिला काय माफ झालं? शिवाय ही सवलत सरकारी तिजोरीतून जाते. मालकाचे ५.१२ डॉलर त्याच्याकडेच राहतात.

राहिला लहान मालकाचा प्रश्न. तो मला सगळ्यात जास्त छळतो, कारण अशी डायनर बंद पडू नयेत असंच मला वाटतं. मोठ्या महामार्गावर दर फाट्याला साखळी हॉटेलं आहेत, त्यांची चव दोन हजार मैलांत बदलत नाही आणि तिथे आईसाठी कोणी वेगळी कढई काढणार नाही. त्यांना हरवून गावातलं एक दार उघडं राहतं, तर त्याच्यावर बोजा टाकायचा का? आईचीच गोष्ट सांगते. तिच्या खानावळीत भांडी घासायला एक मावशी यायच्या. आईला महिन्याला जेमतेम सुटायचं. तरी मावशींचा पगार पहिल्या तारखेला, पोरांनी मेसचे पैसे दिले असोत वा नसोत. एका वर्षी गॅस आणि तेल महागलं तेव्हा आईने मेसचा दर वाढवला, दोन पोरं सोडून गेली, दुसरी दोन आली. मावशींना तिने कधी म्हटलं नाही की पोरांकडून मागून घ्या.

म्हणून दुसऱ्या दिवशीची न्याहारी मला महत्त्वाची वाटते. आम्ही बेअरटूथ घाटाने मोंटानात उतरलो. जवळपास अकरा हजार फुटांची खिंड, जुलैतही कडेला बर्फाच्या भिंती, आणि बाबा घाटातल्या प्रत्येक वळणाला ड्रायव्हरच्या नावाने "सावकाश, सावकाश" म्हणत होते. घाट उतरून एका गावात मुक्काम आणि सकाळी पुन्हा डायनर. तसाच कठडा, तशीच स्टुलं, तसाच तवा. मोंटानात त्या वर्षी किमान वेतन १०.५५ डॉलर होतं, अगदी छोट्या धंद्यांना कायद्यात सवलत आहे ती सोडली तर टेबल पुसणाऱ्यालाही तेच आणि वाढणारीलाही तेच. मी मेन्यू कार्ड शेजारी कालचं बिल ठेवून पाहिलं. काल घेतलेलं ऑम्लेट इथे सव्वा डॉलरने महाग होतं. एका हॉटेलच्या एका ऑम्लेटवरून राज्याचं अर्थशास्त्र ठरत नाही, भाडं वेगळं, गाव वेगळं. तरी प्रत्येक ताटामागे तेवढेच धरले तर पाच जणांचे सहा डॉलर पंचवीस सेंट होतात. एवढे जास्त द्यायला आमच्या टेबलावरचा कोणीही कुरकुरला नसता. वायोमिंगच्या त्या डायनरनेही तेवढे मागितले असते तर आम्ही दिले असते, आणि वर टिपही दिली असती.

मला एवढंच हवं आहे. वायोमिंगने आणि २.१३ वर थांबलेल्या इतर डझनभराहून जास्त राज्यांनी हा वेगळा दर टप्प्याटप्प्याने संपवावा. पाच वर्षं घ्या, सात घ्या. किमती वाढवायला मालकाला वेळ द्या. संघराज्याने १९९६ मध्ये तोडलेली गाठ पुन्हा बांधावी. आणि इथे मतदान करणाऱ्या आपल्यासारख्यांनी, जे टिपवरून घरी नेहमी वाद घालतात पण त्यावर आमदाराला कधी विचारत नाहीत, त्यांनी विचारावं. तोवर न्याहारीला टक्के मोजत बसू नये. खेपा मोजाव्यात. सव्वा तास बसलो असू आणि बिल लहान असेल तर टिप तासाच्या मानाने द्यावी. आम्ही त्या दिवशी १५ डॉलर ठेवले ते कमी होते असं मला आज वाटतं.

मोंटानात बिल आलं तेव्हा बाबांनी नातीला विचारलं, "इथे किती मिळतात गं तिला?"

"दहा डॉलर पंचावन्न सेंट, आजोबा. मालकच देतो."

"पक्के?"

"पक्के."

नवरा बिलाखाली टिप लिहीतच होता. बाबांनी स्वतःचं पाकीट काढलं. त्यात मी त्यांना डेन्व्हरला दिलेल्या नोटा होत्या, एकही मोडलेली नव्हती. त्यांनी पाचाची नोट काढली, घडी उलगडली, आणि ती मुलगी कॉफीचं भांडं घेऊन आली तेव्हा उठून तिच्या हातात दिली. "थँक यू," ते म्हणाले, आणि आमच्याकडे वळून, "ही पोस्त."

आई तोवर रिकामे कप एकात एक रचून टेबलाच्या कडेला लावत होती.